विमान जाईपर्यंत

न्यूयॉर्कच्या विमानतळाला खेटून असलेल्या आमच्या हॉवर्ड बीचात कुणाचं बोलणं एका दमात पुरं होत नाही. वाक्य अर्ध्यावर आलं की डोक्यावर विमान येतं. मग बोलणारा तोंड तसंच उघडं ठेवून थांबतो, ऐकणाराही थांबतो, आणि विमान गेलं की पुढचा शब्द जिथल्या तिथून उचलायचा. चर्चमध्ये पाद्री थांबतो, न्हाव्याची कात्री थांबते, भांडणारी नवरा-बायकोसुद्धा थांबतात. भांडणाला ते बरंच असतं म्हणा. ‘तुझ्या आईनं तर...’ म्हणून थांबलेला माणूस विमान गेल्यावर पुष्कळदा जेवायचं काय, एवढंच विचारतो.

गेतानो फुसारो याच गल्लीत वाढला. लग्नानंतर तो बायको मॉरीनला घेऊन लाँग आयलंडवर राहायला गेला, तिथं मुलगी अडेल झाली, डोक्यावरचं विमान सुटलं, पण सवय काही सुटली नाही. लंडनच्या कचेरीत बोलताना बाहेरून लॉरी धडधडत गेली तरी हा बाबा वाक्याच्या मधोमध थांबतो. तिथल्या साहेबलोकांना वाटतं, काय तोलूनमापून बोलतो हा माणूस! एक बढती त्याला नुसत्या थांबण्यावर मिळाली, असं मॉरीन चारचौघांत सांगते.

त्याचं काम जहाजांच्या विम्याचं. जहाजं न्यूयॉर्कवाल्यांची आणि विमा देणारी माणसं लंडनची, त्यामुळे दर मंगळवारी काँकॉर्डनं, म्हणजे त्या आवाजाहून वेगवान विमानानं, जायचं आणि दर शुक्रवारी काँकॉर्डनं परत. भाडं कंपनी भरते. लोक लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आयुष्यात एकदा त्या विमानात बसतात आणि नातवंडांना सांगायला फोटो काढून घेतात. समोरच्या भिंतीवरचा आकडा आवाजाच्या वेगापलीकडे गेला की हे नवखे टाळ्या वाजवतात. गेतानोसारखे नेहमीचे लोक तेव्हा वर्तमानपत्राचं पान उलटतात, नाहीतर घोरतात.

हे सगळं सांगायचं कारण, एकोणनव्वदच्या त्या एप्रिलात गेतानोच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. शुक्रवारी त्याचे न्यूयॉर्कचे साहेब, व्हिटकॉम्ब, त्याला म्हणाले, “आणखी तीन वर्षं हेच चालू ठेव, मग तुला भागीदार करून घेतो. नको असेल तर दुसरा माणूस तयार आहे. तुला इथंच एक टेबल देऊ. सोमवारी सकाळी उत्तर दे.” टेबल म्हणजे काय ते गेतानोला ठाऊक होतं. खिडकीजवळ बसून दुसऱ्यांनी ठरवलेले कागद पुढं सरकवायचे आणि संध्याकाळी सहाला घरी जायचं.

आता यात कठीण काय, असं कुणीही म्हणेल. पण कठीण होतं. गेतानो हिशेब मांडायला बसला की हिशेब त्याच्याच अंगावर यायचा. साध्या विमानानं लंडन म्हणजे अर्धा दिवस मोडतो, आणि माणूस उतरतो तो पिळून वाळत घातल्यासारखा. काँकॉर्डनं निम्म्याहून कमी वेळ. येताना तर कमालच! सूर्याच्या पुढं पळत यायचं, त्यामुळं तिकडून निघताना घड्याळात जे वाजलेलं असतं त्याच्याही आधीच्या वेळेला इकडं उतरायचं. शुक्रवारी त्याला दोन सकाळी मिळायच्या. पहिल्या वर्षी तो या गोष्टीवर इतका खूश होता की टॅक्सीवाल्यांना धरून धरून सांगायचा.

मग ऑफिसाला शोध लागला की फुसारो शुक्रवारी सकाळीच गावात असतो. “अरे, तू आलायस ना? मग जेवणाआधी एवढं बघून टाक की!” आधी साध्या विमानानं रात्री यायचा, तेव्हा त्याचे डोळे बघून लोक म्हणायचे, जा बाबा, झोप. आता कुणी असं म्हणेना. तीन तासांत आलेला माणूस दमेल कसा? त्यामुळं त्याचा शुक्रवार दोन सकाळी, दोन दुपारी आणि एकच रात्र असा व्हायचा, आणि ती रात्रही घरी पोचेपर्यंत निम्मी सरलेली असायची.

शनिवारी सकाळी त्यानं मॉरीनसमोर विषय काढला.

“तुला काय वाटतं? परवडतं का हे?”

मॉरीन कपडे घड्या करत होती. ती जेरिटसन बीचची, आयरिश कोळ्यांच्या घरातली. बोलायला लागली की मीठमसाला न लावता बोलायची.

“दर आठवड्याला इतके तास वाचवतोस,” ती म्हणाली, “ते ठेवतोस कुठं? या घरात तर मला एकही सापडला नाही.”

“असं काय बोलतेस! चर्चमध्ये अडेलच्या कन्फर्मेशनच्या विधीला आलो की नाही मी? बुधवारी संध्याकाळी लंडनहून उठून आलो, गुरुवारी सकाळी परत. साध्या विमानानं जमलं असतं का?”

“आलास ना. आणि बिशप पोरीच्या कपाळाला तेल लावत होता तेव्हा झोपलास. घोरत होतास, गेतानो.”

“पण आलो तर होतो!”

“आला होतास, हे मी नाही म्हणतच नाही.”

“मग ते बरं की वाईट?”

मॉरीननं हातातला टॉवेल खाली ठेवला. “मला खरंच कळत नाही रे,” ती म्हणाली. “आला नसतास तर मी तुला वर्षभर बोलले असते. आलास, तर अडेल म्हणाली, बाबा दमलेत, त्यांना उठवू नको. आता तूच सांग मला, बरं की वाईट. मी थकले विचार करून. तुला हवं ते कर, पण जे करशील ते तू ठरवलंस असं म्हण. माझ्यासाठी करतोय म्हणू नकोस.”

झालं! म्हणजे तिकडूनही उत्तर नाही. अख्खा शनिवार गेतानोचं तळ्यात-मळ्यात चाललं. अंगण झाडलं तर वाटायचं, हेच बरं, टेबल घ्यावं. मग झाडू भिंतीला टेकवला की वाटायचं, हे झाडण्यासाठी भागीदारी सोडायची? संध्याकाळी त्यानं ठरवलं, आता आईलाच विचारायचं.

त्याची आई फिलोमेना म्हणजे हॉवर्ड बीचची तोफ. काँकॉर्ड न्यूयॉर्कला पहिल्यांदा यायचं घाटत होतं, तेव्हा आमच्या भागातले लोक खवळून उठले होते. आहेत ती विमानं काय कमी होती? लोकांनी गाड्या काढल्या आणि विमानतळाच्या रस्त्यावर मुंगीच्या पावलानं रांगच्या रांग फिरवली. कायद्यात बसत होतं, हळू गाडी चालवणं हा गुन्हा थोडाच आहे? फुसारोंची जुनी ब्यूक चालवत होता गेतानो स्वतः. शेजारी फिलोमेना. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ती आकाशाकडं बघून अशा शिव्या देत होती की मागच्या गाडीतल्या पाद्र्यानं काच वर केली. एका हातानं ती गेतानोच्या बाजूचा हॉर्न दाबत होती. तिचा नवरा सिल्व्हिओ मागं बसून हसत होता. तो आता नाही.

एवढं करून काँकॉर्ड आलंच. आणि काही वर्षांनी तिचाच मुलगा त्यात बसायला लागला!

पहिले काही महिने गेतानो मूग गिळून होता. पण विमानात नेहमीच्या लोकांना भेटवस्तू देतात, तशी एक चांदीची पेन्सिल त्याच्या खिशातून आईच्या टेबलावर पडली. तिच्यावर त्या विमानाचं लांब नाकाचं चित्र. फिलोमेनानं ती उचलली, डोळ्यांपासून लांब धरून पाहिली आणि म्हणाली, “शत्रूच्या घरी जेवतोस होय रे?” गेतानोच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिनंच विचारलं, “जेवायला देतात काय?” पेन्सिल तिनं दर्शनी कपाटात, लग्नातल्या पेल्यांच्या शेजारी ठेवली. तेव्हापासून शत्रुत्व संपलं नाही, पण त्याला घरातलं वळण आलं. विमान गेलं आणि कपाटातले पेले किणकिणले की ती बोलायची थांबायची, वर बोट करायची आणि म्हणायची, “चालला तुझा मेला डुक्कर.”

रविवारी सगळे तिच्याकडं जेवायला जमले. सकाळपासून टोमॅटोचा रस्सा मंद आचेवर रटरटत होता, त्यात मांसाचे गोळे आणि सॉसेज. अडेल मैत्रिणीकडं गेली होती. गेतानो, मॉरीन आणि ओझोन पार्कहून आलेले पास्क्वाले मामा, फिलोमेनाचे धाकटे भाऊ. मामांचा आवाज म्हणजे बंदरावरचा भोंगा. ते आयुष्यभर बंदरावरच होते.

“भागीदार!” मामा टेबलावर हात आपटून म्हणाले. “फुसारोंच्या घरात भागीदार! आणि तू विचार कसला करतोस, गाढवा?”

“मामा, मी कुठं राहतो तेच मला कळेनासं झालंय. परवा हॉटेलात उठलो आणि न्हाणीघर समजून कपाटात शिरलो.”

“त्यात काय! मी तर इथंच राहतो, तरी शिरतो. पण हे बघ, आमचा बाप एकदा नेपल्सहून बोटीत बसला आणि मरेपर्यंत परत जाऊ शकला नाही. त्याची आई तिकडं गेली, याला पत्र आलं तेव्हा तिला पुरून महिना लोटला होता. आणि तू सकाळी तिकडं, दुपारी इकडं! आईला काही झालं तर चहा निवायच्या आत हजर. हे मोठं नाही?”

हे खरंच मोठं होतं. गेतानोला वाटलं, ठरलं, विमानच. मग मामाच पुढं म्हणाले, “बाकी आमचा बाप होता तिथं पूर्ण होता, एवढं मात्र खरं,” आणि पुन्हा सगळा चिखल.

“मामा, तुम्ही कुठल्या बाजूनं आहात?” मॉरीननं विचारलं.

“मी? मी पास्ताच्या बाजूनं. वाढ बघू.”

फिलोमेना वाढत होती, ताटं उचलत होती, मधूनच प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. जेवणं झाल्यावर तिनं एप्रन झटकला आणि म्हणाली, “गेतानो, चल परसात. अंजिराला सोडायचंय.”

आमच्याकडं हिवाळ्यात अंजिराचं झाड झाकतात. फांद्या एकत्र बांधायच्या, वरून जुना गालिचा, त्यावर ताडपत्री, शेंड्यावर पालथी बादली. इटलीहून आलेल्या झाडाला इथली थंडी सोसत नाही, आणि त्याच्याशिवाय आमच्या म्हाताऱ्यांना करमत नाही. ईस्टर झालं की सोडायचं. हे झाड सिल्व्हिओनं लावलेलं, म्हणून ते सोडायला फिलोमेना मुलाची वाट बघत थांबायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

परसात छान ऊन होतं. मॉरीन ताट पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मामा पेला घेऊन पायरीवर बसले. कुंपणापलीकडं शेजारी नळीनं पाणी घालत होता. गेतानोनं बादली उतरवली आणि आईच्या समोर उभा राहिला.

“आई, ऐकलंस ना सगळं? सोमवारी उत्तर द्यायचंय. मला काही सुधरत नाही. जाऊ की राहू? तू सांग. तू सांगशील ते करतो.”

चाळिशीला आलेला माणूस, पण त्याला वाटत होतं की आता कुणीतरी हाताला धरून रस्ता ओलांडून द्यावा.

फिलोमेनानं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग मान हलवली, खाली वाकली आणि बुंध्याजवळची सुतळी सोडायला लागली. “सांगते,” ती म्हणाली. “खूप दिवस मनात होतं. हे बघ, तुझे वडील...”

आणि विमान आलं. काँकॉर्डच होतं, रविवारचं, दुपारचं. त्याचा आवाज इतर विमानांसारखा नसतो, दात हलतात. मॉरीनचं फडकं ताटावर थांबलं. मामांचा पेला ओठांपाशी थांबला. शेजाऱ्यानं मान खाली घातली. गेतानोही थांबला, आईचं पुढचं वाक्य विमान गेल्यावर येणार म्हणून.

फिलोमेना बोलत होती.

ती सुतळीच्या गाठीकडं बघत, शांतपणे, न थांबता बोलत होती. गेतानोला आधी वाटलं, मुद्दाम करतेय, विमानाला खिजवतेय, ब्यूकमधल्या दिवसांसारखी. पण ती रागात नव्हती. तिनं आकाशाकडं बघितलंसुद्धा नाही. मध्ये एकदा तिनं डोकं हलवलं. एकदा हसली. सुतळीचा तुकडा हातात धरून तिनं घराच्या दाराकडं दाखवलं, मग पुन्हा गाठीत बोटं घातली आणि बोलत राहिली. गेतानो तिच्या ओठांकडं डोळे ताणून बघत होता. ‘वडील’ असा एक शब्द पुन्हा आल्यासारखा वाटला, आणि नंतर ‘जेवण’, किंवा ‘जीव’. बाकी सगळं आभाळानं गिळलं.

घरात असती तर कपाटातले पेले हलताना तिला दिसले असते आणि ती थांबली असती. इथं परसात पेले नव्हते.

जे विमान त्याचे दात हलवत होतं, ते तिला शेजारच्या आवारात कुणी गवत कापतंय एवढंच ऐकू येत असेल, कदाचित तेवढंही नाही. दर बुधवारी ठरल्या वेळेला तो लंडनहून फोन करायचा. ती म्हणायची, “जेवलास का? इथं सगळं ठीक. ठेव आता, पैसे पडतात,” आणि ठेवून द्यायची. तो मॉरीनला हसत सांगायचा, आई मला एक शब्द बोलू देत नाही. वर्षभर हसत होता. टीव्ही भसाभसा ओरडायचा, पण या गल्लीत कुणाचा ओरडत नाही? मामा ओरडतात, शेजारी ओरडतात, सगळेच ओरडतात आणि सगळेच एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलतात. त्यात एक बाई हळूहळू बहिरी होत गेली आणि दर रविवारी तिच्या टेबलावर बसून जेवणाऱ्या मुलाला पत्ता नाही! समुद्रापलीकडं जाऊन तो दर आठवड्याला परत येत होता, आणि आला कुठं होता कोण जाणे.

विमान गेलं. पाण्याची नळी पुन्हा ऐकू यायला लागली.

“...म्हणून म्हणते,” फिलोमेनानं शेवटची गाठ सोडली. “यात माझा स्वार्थ काही नाही. धर तिकडून.”

गालिचा खाली पडला. गेतानो चालत तिच्या पाठीमागं गेला आणि हळूच म्हणाला, “आई.”

ती फांद्या मोकळ्या करत होती.

“आई!”

शेजाऱ्यानं वळून पाहिलं. पायरीवरच्या मामांनी पेला खाली ठेवला. फिलोमेना एका फांदीवरचा कोंब बोटानं चाचपत होती. “जिवंत आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. मग मागं वळली, तर हा तिला इतका जवळ उभा दिसला.

“असा भुतासारखा काय उभा राहतोस? कळलं का मी काय म्हणाले?”

गेतानोला रडू येत होतं. ‘पुन्हा सांग’ असं म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. इतके दिवस तिनं जे एवढ्या शिताफीनं लपवलं, ते या भरल्या परसात, मामांसमोर, शेजाऱ्यासमोर उघडं करायचं?

“कळलं, आई,” तो तिच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाला.

“मग? काय करणार?”

“तू म्हणालीस तसंच.”

तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. मग मातीचाच हात त्याच्या गालावर ठेवला. “शहाणा आहेस,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, भांडशील.” आणि कॉफी टाकायला घरात गेली.

मॉरीन पायऱ्या उतरून आली. तिचाही चेहरा उतरला होता. तिनं पाहिलं होतं सगळं.

“काय म्हणाल्या त्या?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? तू तर हो म्हणालास!”

“हो म्हणालो. पण कशाला, ते माहीत नाही.” गेतानोनं गालिच्याची गुंडाळी उचलली, परत खाली ठेवली. “आधी तिला कानाच्या डॉक्टरकडं न्यायला हवं. तिला ऐकू येईल असं काहीतरी करू, मग मी तिला नीट विचारतो. मीच नेतो. मंगळवारी.”

“मंगळवारी? अरे, मंगळवारी तर तुझं लंडनचं...”

आणि मॉरीन वाक्याच्या मधोमधच थांबली. वर आकाशात काही नव्हतं.